नऊ दिवसांची नादुरुस्ती

“ढाणे, हा पंखा फिरतोय की आळस देतोय?” नलूताईंनी आतून विचारलं.

मी व्हॅनच्या दारातून डोकं आत घातलं. छतावरच्या छोट्या पंख्याचं एकेक पातं मोजता येत होतं. नलूताई आरशासमोर बसल्या होत्या. अंगावर जरीची नऊवारी, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, गळ्यात मालिकेतल्या आजीबाईंचे दोन शेर नकली दागिने. मेकअप कपाळावरून ओघळायला लागला होता.

“बॅटरी उतरलीय ताई. इंजिन चालू करतो.”

“काल संध्याकाळी तासभर केलं होतंस की.”

“हो, पण बहुतेक अल्टरनेटर गेलाय. करंट मागे येत नाहीये.”

“मग दाखव कुणाला तरी.”

“सांगितलंय साहेबांना. पुण्याहून माणूस येतोय.”

त्या आरशातूनच माझ्याकडे बघून “बरं” म्हणाल्या आणि संवादांचे कागद घेऊन वारा घालायला लागल्या. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. सकाळचे साडेदहाच वाजले होते.

अल्टरनेटर गेलेला नव्हता. पुण्याहून कुणीही येणार नव्हतं.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. कराडच्या एका गॅरेजात वायरिंग शिकलो आणि पुढे एका मालिकेच्या युनिटमध्ये व्हॅनिटी व्हॅनवर ड्रायव्हर म्हणून लागलो. व्हॅनिटी म्हणजे कलाकारांची चाकावरची खोली. सोफा, आरसा, संडास, सगळं आत. मोठ्या शूटिंगला जनरेटरची केबल मिळाली की एसीसुद्धा चालतो. पण आमचं शूटिंग वाईच्या पुढे, धरणाच्या अंगाला एका उघड्या माळावर चाललं होतं. माझी गाडी जुनी, म्हणून सगळ्यांच्या मागे, शेवटच्या बाभळीपाशी उभी केलेली. तिथपर्यंत केबल पोचत नव्हती.

अशा गाडीत दोन हिशेबांच्या बॅटऱ्या असतात. एक पुढची, ती इंजिन चालू करते. दोन मागच्या, सोफ्याखाली. पंखे, दिवे आणि संडासात पाणी चढवणारा पंप या मागच्या बॅटऱ्यांवर चालतो. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर वीज तयार करतो, आणि ती एका रिलेतून, जाड केबलने मागे जाते. रिले म्हणजे मधलं फाटकच. ते उघडण्यासाठी एक बारीक निळी वायर असते. ती ओढून काढली की इंजिन दिवसभर घरघरलं तरी मागच्या बॅटऱ्यांना काही मिळत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रायव्हर बिचारा डिझेल जाळतोय, प्रयत्न करतोय, पण यंत्रच साथ देत नाही.

ती वायर मी दोन दिवसांपूर्वी काढली होती. मिलिंद कर्पेंनी सांगितलं म्हणून.

कर्पे आमचे प्रॉडक्शन कंट्रोलर. कोण किती वाजता येणार, कुठली गाडी कुणाला, कुणाचं जेवण कुठून, सगळं त्यांच्या हातात. मुंबईचा माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्या दिवशी पॅकअपनंतर त्यांनी मला चहाला बोलावलं.

“ढाणे, तुझी गाडी जुनी झालीय नाही?”

“चालतीय साहेब.”

“नाही चालत. अल्टरनेटर खराब आहे तिचा.”

मला कळेना. मी म्हणालो, “चांगला आहे साहेब. परवाच बघितला.”

कर्पेंनी कपातला चहा हलवला. “खराब आहे. बाईंनी कंटाळून स्वतःहून मालिका सोडेपर्यंत तो खराबच राहणार. समजलं? पुढच्या महिन्यात हीरोसाठी नवीन व्हॅन येतेय. तिच्यावर मुंबईत राहून काम करणारा माणूस हवाय मला. शहाणा माणूस.”

भानगड सगळ्या युनिटला माहीत होती. एप्रिलमध्ये मालिकेचे पाचशे भाग झाले म्हणून समारंभ झाला. तिथे एका वार्ताहराने नलूताईंना विचारलं, इतकी वर्षं काम करताय, काही खंत? दुसरं कुणी असतं तर गोड बोलून मोकळं झालं असतं. नलूताई म्हणाल्या, “आमच्याकडे गर्दीतल्या बायका असतात ना, लग्नात, जत्रेत मागे उभ्या राहतात त्या, त्यांना दिवस दिवस लघवीला जायला जागा नसते. पाणी पीत नाहीत बिचाऱ्या. मला गाडी आहे, त्यांना झुडूप. याची खंत आहे.” दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. वरून कर्पेंना फोन आले. बाईंना काढलं असतं तर पुन्हा छापून आलं असतं. म्हणून त्यांनी आपणहून जायला हवं होतं.

मी निळी वायर काढली आणि टोकाला टेप गुंडाळला.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं नाही. नलूताई कारखानीस म्हणजे जुन्या रंगभूमीच्या, सहासष्ट वर्षांच्या, शिस्तीच्या बाई. त्यांनी मला संडास तीन-तीनदा धुवायला लावला होता. एकदा सगळ्या मेकअपवाल्यांसमोर म्हणाल्या होत्या, “ढाणे, आधी चूळ भरून ये, मग बोल. तंबाखूचा भपका येतोय.” सगळे हसले होते. त्या दिवसापासून मला युनिटमध्ये भपके म्हणायला लागले. त्यामुळे पंखा मंदावला, त्या कागदाने वारा घेत बसल्या, तेव्हा मला आतून बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी पंखा थांबला. दिवे त्याआधीच गेले होते. चौथ्या दिवशी पंप बंद पडला.

मी नेहमीप्रमाणे इंजिन चालू करून खाली उभा होतो. त्या दारात आल्या.

“ढाणे, पाणी येत नाहीये.”

“पंप पण बॅटरीवरच आहे ताई.”

“म्हणजे संडाससुद्धा नाही?”

“बादलीनं आणून देतो.”

“आण मग.”

मी टँकरपाशी गेलो. तिथे कर्पेंचा माणूस उभा होता. त्याने बादली हातातून काढून घेतली आणि म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, टँकरचं पाणी फक्त किचनला.” मी रिकामा परत आलो. नलूताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

“नाही देत?”

“नाही ताई.”

“मला सांग,” त्या म्हणाल्या, “हे सगळं चालतं कसं? नीट समजावून सांग. इंजिन चालू आहे, मग वीज कुठे अडते?”

मी सांगितलं. बोनेट उघडून पट्टा दाखवला, अल्टरनेटर दाखवला, केबल कुठून जाते ते दाखवलं. सोफा उचलून बॅटऱ्या दाखवल्या. पट्ट्यात हात अडकेल म्हणून त्यांना मागे सरकवलं. शाळेतल्या मुलीसारखं त्यांनी सगळं विचारलं. फक्त पायरीवरच्या पत्र्याच्या झाकणामागे रिले आहे, ते मी सांगितलं नाही. त्या झाकणाला टेकूनच उभ्या होत्या त्या.

“छान समजावतोस रे,” त्या म्हणाल्या. “तू शिकवायला हवं होतंस कुणाला तरी.”

नंतर त्या कर्पेंकडे गेल्या. मी लांबून बघत होतो. परत आल्यावर मला म्हणाल्या, “मी सांगितलंय त्याला, ड्रायव्हरला काही बोलू नका, तो रोज तासन्‌तास त्या इंजिनाशी झटतोय. दोष गाडीचा आहे आणि गाडी देणाऱ्याचा.” संध्याकाळी कर्पेंनी मला तेच सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. “तुझी वकिली करून गेली बाई. कमाल आहेस तू.”

दुसऱ्या कुणाच्या व्हॅनमध्ये जावं तर नायिकेची नवी व्हॅन पुढेच उभी होती. नलूताई पाचव्या दिवशी तिच्या दारापर्यंत गेल्या. ती पोरगी चोवीस वर्षांची, मालिकेत त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडायची. दार अर्धं उघडून म्हणाली, “आजी, सॉरी, माझं सामान आहे ना आत. आणि सर रागावतील.” दार लागलं. नलूताई परत आल्या.

त्यांनी पाणी पिणं सोडलं. सकाळी सहाला एक पेला, मग संध्याकाळी हॉटेलवर गेल्यावर. चाळीसच्या वर पारा, वर नऊवारी, वर टोप. ज्या बायकांसाठी त्या बोलल्या होत्या, त्या झाडाखाली बसलेल्या असत. त्यांतल्या फक्त कमल वाघचौरे त्यांच्याजवळ येत. कमलबाई साताऱ्याच्या, पन्नाशीच्या, मालिकेत स्वयंपाकीण व्हायच्या, महिन्यात दोन वाक्यं. बाकीच्या जणींना कर्पेंच्या माणसाने आधीच सांगितलं होतं, बाईंच्या गाडीकडे दिसलीस तर उद्या येऊ नकोस.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांना अगदीच राहवलं नाही. माळाच्या कडेला उसाचा एक पट्टा होता. कमलबाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघी तिकडे निघाल्या. जरीच्या साडीतली, दागिन्यांनी मढलेली बाई, उन्हात, ढेकळांतून. सगळं युनिट बघत होतं. दिग्दर्शकाने विचारलं, नलूताई कुठे आहेत? तेवढ्यात सगळ्यांच्या कमरेच्या वॉकीतून कर्पेंचा तो शांत आवाज आला.

“नलूताई उसात गेल्यात. सगळ्यांनी थांबा. ताईंचं झालं की शॉट घेऊ.”

आधी एक जण हसला, मग दुसरा. मग वॉकीवरूनच कुणीतरी म्हणालं, “एक नंबर की दोन नंबर, साहेब? म्हणजे लाईट किती वेळ ठेवायचे ते कळेल.” हसू माळभर पसरलं. नलूताईंना बोलवायला उसाच्या तोंडाशी एका असिस्टंटला उभं केलं होतं. त्याच्याही कमरेला वॉकी होताच. त्यांना सगळं ऐकू गेलं.

मीही हसलो. मी गाडीला टेकून उभा होतो, शेजारचा लाईटवाला हसला, म्हणून मीही हसलो.

त्या परत आल्या, पायाची माती झटकली, आणि शॉटला उभ्या राहिल्या. चार पानांचा संवाद, नातीला सासरी पाठवतानाचा. एकही शब्द न चुकता एका दमात दिला. लाईटवाल्याचे डोळे भरून आले. मघाशी माझ्या शेजारी हसला होता तोच.

संध्याकाळी मी त्यांना हॉटेलवर सोडायला निघालो तेव्हा म्हणाल्या, “त्यांना वाटतंय मी सोडून जाईन. नाही जाणार. तुझ्यासमोर विषय निघाला तर सांग त्यांना.”

मी त्या रात्री कर्पेंना फोन केला. म्हणालो, “साहेब, आता बास. त्या काही जायच्या नाहीत.”

“तुला कुणी विचारलं?”

“वयस्कर आहेत साहेब. काही झालं तर?”

“काही झालं तर सुट्टी घेईल. सुट्टी घेतली की तिच्या जागी दुसरी आणू. ढाणे, नवीन व्हॅनसाठी दोन माणसं येऊन भेटून गेलीत मला.”

मी वायर लावली नाही.

आठव्या दिवशी त्यांना थंडी वाजायला लागली. त्या भट्टीसारख्या गाडीत त्या शाल पांघरून बसल्या होत्या आणि कंबर दाबून धरत होत्या. मेकअपवाल्याने क्रोसिन दिली. त्यांनी तीही पाण्याशिवाय गिळली. नवव्या दिवशी दुपारी एक वाजता शॉटमध्ये त्या वाक्य विसरल्या. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला धक्का बसला, कारण हे कधी झालंच नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. नायिकेचा हात धरला आणि तिला म्हणाल्या, “वृंदा, तू कधी आलीस नाशिकहून?”

वृंदा त्यांची मुलगी. दिग्दर्शकाने कट म्हटलं. नलूताई खाली बसल्या त्या परत उठल्या नाहीत. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

दिग्दर्शक गाडी मागवा म्हणून ओरडला. कर्पे म्हणाले, दोन्ही गाड्या पुण्याला हीरोला आणायला गेल्यात. म्हणाले, ढाणेची व्हॅन आहे की, सोफ्यावर आडवं होऊन जाता येईल. वाईला नको, साताऱ्याला ने, तिथले डॉक्टर ओळखीचे आहेत. ओळखीचे म्हणजे पत्रकारांना न कळवणारे. वाईला अर्ध्या तासात पोचलो असतो. साताऱ्याला दीड तास.

चार जणांनी उचलून त्यांना सोफ्यावर ठेवलं. कमलबाई न विचारता आत चढल्या. त्यांच्या हातात पाण्याची एक बाटली होती. दार लागलं, मी निघालो.

इथवरची गोष्ट मी पुढे काही जणांना सांगितली आहे. उंब्रजला माझं बॅटरीचं दुकान आहे आता. कधी दुपारी गिऱ्हाईक नसलं की जुन्या दिवसांवर बोलणं निघतं, तेव्हा सांगतो. कर्पे कसा माणूस होता, आम्हा गरिबांचा कसा नाइलाज होता, हे सांगतो. ऐकणारा मान हलवतो. पुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

व्हॅनिटीच्या काचा उघडत नाहीत. बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून त्या पक्क्या बसवलेल्या असतात. पंखे नसले तर आत वारा येतो तो फक्त छतावरच्या वीतभर झरोक्यातून. केबिन आणि मागची खोली यांच्यात एक सरकती खिडकी असते, हातभर. वाई गेलं तेव्हा ती सरकली.

“दादा,” कमलबाई म्हणाल्या, “एखादा पंखा तरी चालू करा हो. बाईंचा जीव घाबरतोय.”

“बंद आहेत पंखे. अल्टरनेटर गेलाय.”

“गाडी तर चालू आहे की.”

“गाडीचा आणि त्याचा संबंध नाही,” मी म्हणालो.

खिडकी उघडीच राहिली. मागून नलूताईंचा आवाज आला, कोरडा, घशातून ओढून काढलेला. “ढाणे, किती राहिलं?”

“थोडंच ताई. पाऊण तास.”

“सावकाश चालव. घाई करू नको. काही झालं तर ते तुलाच धरतील.”

मी आरशात बघितलं. त्यातून फक्त त्यांचे पाय दिसत होते, मातीने भरलेले. कमलबाई पदर भिजवून त्यांचं तोंड पुसत होत्या. बाटली संपत आली होती.

सुरूर फाट्यावर हायवेला लागलो आणि मी गाडी बाजूला घेतली. टपरीवरून पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि परत येताना पायरीवरचं झाकण उघडलं. निळी वायर तिथेच होती, टेप गुंडाळलेली. इंजिन चालूच होतं. टेप काढायचा आणि टोक रिलेत खुपसायचं, एवढंच. दोन मिनिटांचं काम. लगेच विजेचा पुरता दाब आला नसता, पण पाच मिनिटांत दोन्ही पंखे फिरले असते. हायवेने साताऱ्यापर्यंत जोरात फिरले असते.

मी टेप काढला. तांब्याचं टोक बोटांत धरलं.

माझ्या शेजारी कुणी नव्हतं. कर्पे तीस-पस्तीस किलोमीटर मागे होते. मला कुणी बघत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. मागे खोलीत काय चाललंय ते कर्पेंना कळायचं कारणच नव्हतं. वायर लावली म्हणून नवीन व्हॅन हातची जाणार नव्हती.

तेवढ्यात कमलबाई दार उघडून खाली उतरल्या. “काय झालं? सापडलं का काही?”

त्यांच्या तोंडावर इतकी आशा होती की माझा हात थांबला. वायर लावली आणि पंखे फिरले, तर त्या विचारणार. आत्ता कसं चालू झालं? मग नऊ दिवस का नाही झालं? हे झाकण त्यांनी कधी उघडलेलं बघितलं नव्हतं. त्या हुशार होत्या. त्यांना कळलं असतं, आणि त्यांच्याकडून नलूताईंना.

“नाही,” मी म्हणालो. “बघत होतो. जळालंय सगळं.”

झाकण लावलं. बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. “चढा आत, उशीर होतोय.”

सुरूर ते सातारा पाऊण तास लागला. मधे एक पूल अर्धा बंद होता आणि गाड्या तुंबल्या होत्या. भर उन्हात, पत्र्याच्या खोलीत, त्या सोफ्यावर, पंधरा मिनिटं गाडी हललीही नाही. नलूताई आधी “हवा” म्हणत होत्या. “ढाणे, जरा हवा.” नाव घेऊन म्हणत होत्या. मग नुसतंच “हवा, हवा.” मग त्यांनी त्या नातीला सासरी पाठवतानाच्या संवादातलं काहीतरी म्हटलं. मग काही नाही. कमलबाई रडत होत्या, ते मात्र साताऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

मी खिडकी सरकवून बंद केली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ताप बघितला आणि नर्सला बर्फ आणायला पळवलं. मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात गेला होता. ते म्हणाले, तीन दिवस आधी आणायला हवं होतं. मग विचारलं, “गाडीत हवा नव्हती का? शरीर केवढं तापलंय.”

कमलबाई म्हणाल्या, “पंखे बंद होते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

“अल्टरनेटर गेलाय,” मी सांगितलं. नऊ दिवसांत ते इतक्या वेळा बोललो होतो की माझं मलाच खरं वाटत होतं.

कमलबाई तिथेच थांबल्या. मी एकटा परत निघालो. गावाबाहेर आल्यावर गाडी थांबवली आणि वायर लावली. उगाचच. मागची खोली रिकामी होती. पाचेक मिनिटांत पंखे फिरायला लागले, आधी हळू, मग खडखड करत, आणि वाईपर्यंत तसेच फिरत राहिले.

नलूताई चौथ्या दिवशी गेल्या. त्या एकदाही शुद्धीवर आल्या नाहीत. मालिकेत आजीबाईंना तीर्थयात्रेत मरण आलं. फोटोला हार घातला, नायिका दोन भाग रडली. टीआरपीचे आकडे फार चांगले आले म्हणे.

पुण्यात शोकसभा झाली. कर्पे बोलले. म्हणाले, त्या आमच्या युनिटच्या आई होत्या, शेवटच्या दिवसापर्यंत तक्रार म्हणून केली नाही. सभागृहात सगळे होते. मी मागच्या दारापाशी उभा होतो, कारण खाली गाड्या लावायची जबाबदारी माझी होती.

सभा संपल्यावर एक बाई लोकांना विचारत विचारत माझ्याकडे आली. पंचेचाळीशीची, साधा कॉटनचा ड्रेस, डोळे सुजलेले. नलूताईंसारखंच कपाळ.

“तुम्हीच ढाणे ना? मी वृंदा.”

मी नमस्कार केला.

“आई फोनवर तुमच्याबद्दल सांगायची. म्हणायची, गाडी धड नाही, पण ड्रायव्हर फार चांगला आहे. रोज खपतो बिचारा. मला यायचं होतं तुम्हाला भेटायला.” “त्या दिवशी तुम्ही तिला घेऊन गेलात. बाकी कुणी उठलं नाही, तुम्ही गेलात.”

“माझं कामच होतं ते.”

“एक विचारू का? मी पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती. मला काहीच बोलता आलं नाही तिच्याशी.” त्यांनी पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता. “गाडीत काही बोलली का ती? शेवटचं?”

कमलबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. हातात चहाचा कप होता. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“नाही,” मी म्हणालो. “झोप लागली होती त्यांना. वाईपासून साताऱ्यापर्यंत झोपल्या होत्या.”

“त्रास नाही ना झाला?”

“नाही. अजिबात नाही.”

वृंदाताईंनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घ्यावा तसा श्वास सोडला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “एवढंच ऐकायचं होतं मला. हे कुणीच सांगत नव्हतं.”

कमलबाईंनी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या.

“अहो, इकडे या,” वृंदाताईंनी गर्दीतल्या एका उंच माणसाला हाक मारली. तो त्यांचा नवरा असावा. “हे ढाणे. आईला यांनीच नेलं.”

त्या माणसाने दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढे वाकला. मीही हात जोडले.